नाकाच्या भरवशावर

दिवाळी अंक वाचताना हाताशी चकलीची ताटली असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, ताटली रिकामी करा, हात धुवा आणि मग हे पान उलटा. संपादकांनी मला दोनदा फोन करून ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, अगदी मनमोकळं लिहा’ असं सांगितलं. मी म्हटलं, साहेब, अगदी मनमोकळं लिहिलं तर तुमचा अंक लोक व्हरांड्यातच ठेवतील. ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

मी बावीस वर्षं सक्शनच्या गाडीवर काम केलं. ट्रकच्या पाठीवर गोल टाकी, बाजूला मांडीएवढा जाड पाइप गुंडाळलेला, आणि मागे कुणीही चिकटून गाडी चालवत नाही, ती ही गाडी. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आमची ये-जा. निम्मं काम घरांच्या, सोसायट्यांच्या, हॉटेलांच्या टाक्यांचं आणि निम्मं कारखान्यांच्या गाळाचं. लग्नात कुणी ‘पाव्हणं, काय करता?’ म्हणून विचारलं की मी ‘व्हॅक्यूममध्ये आहे’ म्हणायचो. एका पाहुण्याला ते इतकं आवडलं, की सुनेसाठी सोफा साफ करायचं मशीन स्वस्तात मिळेल का म्हणून तो पंगत उठेपर्यंत माझ्या शेजारून हलला नाही.

मी या धंद्यात कसा आलो, आधी काय करत होतो, हे सांगत बसत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी कशी चालते, ते मात्र सांगतो, कारण बावीस वर्षांत ते विचारणारी माणसं मला चार-दोनच भेटली. बाकीच्यांनी फक्त ‘किती वेळ लागंल?’ एवढंच विचारलं.

लोकांना वाटतं, गाडी घाण ओढते. गाडी काही ओढत नाही. ट्रकच्या इंजिनावर एक पंप चालतो. तो टाकीतली हवा बाहेर काढतो, बाकी काही करत नाही. टाकीत हवा उरली नाही, की बाहेरची हवा आत शिरायला धडपडते. तिच्या वाटेत पाइपाचं तोंड गाळात बुडवून ठेवलेलं असतं. मग ती हवा गाळावर दाब देते आणि गाळ पाइपातून वर चढतो. उसाचा रस नळीने पिताना तुम्ही हेच करता. तुम्ही तोंडातली हवा काढता, रस बाहेरच्या हवेच्या दाबाने वर येतो, आणि श्रेय मात्र तुम्ही घेता. आमच्या गाडीचंही तसंच होतं.

ही गोष्ट एकदा समजली की पुढची आपोआप समजते. हवेच्या दाबाला मर्यादा आहे. कितीही दांडगी गाडी आणा, साधारण तीस फुटांच्या वर तिच्याने पाणी चढत नाही, आणि गाळ असेल तर वीस-बावीस फुटांतच तिला धाप लागते. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला एका बागाईतदाराने आम्हाला विहिरीतला गाळ काढायला बोलावलं होतं. विहीर पन्नास फूट. मी वरूनच सांगितलं, हे आमचं काम नाही.

“मंग मोठी गाडी आना की,” ते म्हणाले.

“मामा, गाडी मोठी आणली तरी हवा तीच हाय.”

“आमच्याकडं हवा लई हाय. मोकळं रान हाय, बघा की!” त्यांनी सगळ्या शिवारावरून हात फिरवला. मी त्यांना रसाच्या नळीचं उदाहरण दिलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “व्हय व्हय, समजलं. म्हंजी तुमच्या गाडीचा पंप जुना हाय.” आम्ही चहा घेऊन परत आलो. पुढे दोन वर्षं त्या गावात आमच्या गाडीची ओळख ‘जुन्या पंपाची गाडी’ अशीच होती.

पाइपाचं तोंड गाळात पूर्ण बुडवून चालत नाही, हेही या धंद्यातलं एक गुपित आहे. थोडा गाळ, थोडी हवा असं घोटाघोटाने द्यावं लागतं, नाहीतर पाइप तुंबतो. ते कानाने कळतं. पाइप गुरगुरत असला की ठीक, एकदम गप्प झाला की तोंडाशी काहीतरी अडकलं. आणि गाडी रिकामी करताना एक दांडा उलटा फिरवायचा, मग तोच पंप टाकीत हवा भरतो आणि सगळा माल बाहेर ढकलतो. दांडा कुठल्या बाजूला आहे हे चालू करण्याआधी दोनदा बघायचं. का बघायचं, हे चकलीच्या दिवसांत सांगत नाही.

माझ्या जोडीला गुलाब होता. हे त्याचं खरंच नाव. मैल्याच्या गाडीवर गुलाब, हा विनोद आमच्या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाने स्वतःला सुचला म्हणून केलेला आहे, आणि गुलाब प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा हसायचा. केडगावच्या बाजूचा, धनगराच्या घरातला. त्याच्या वडलांनी मेंढरं विकून चार एकर जमीन घेतली, पण बिगाऱ्यागत वाकून शेत करणं याला जमेना, म्हणून गाडीवर आला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अंगाने काटक. मी गाडी चालवायची आणि दांडे सांभाळायचे, त्याने पाइप सांभाळायचा, अशी आमची वाटणी. सतरा वर्षं आमची जोडी टिकली. इतकी वर्षं माझ्या बायकोशिवाय मला दुसऱ्या कुणी सहन केलेलं नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरणार नाही. शिरूरला एका सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांचा फोन आला, की गाडी दुपारी दीड ते अडीच या वेळात आणा, सगळे झोपलेले असतात. आणि शक्यतो आवाज करू नका.

मी म्हटलं, “साहेब, गाडी आली तर तासभर आवाज येईल. न्हाई आली तर महिनाभर वास येईल. काय ते ठरवा.”

त्यांनी आवाज निवडला, पण गाडीवरची ‘मैला उपसा’ ही अक्षरं पोत्याने झाका अशी अट घातली. आम्ही पोतं बांधलं. काम सुरू झाल्यावर सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली, आणि पहिली ओरडली ती अध्यक्षांची आईच. “आरं, आपल्या टाकीची गाडी आली, खिडक्या लावा!”

काम झाल्यावर चहा यायचा. आधी कधीच नाही. तोही कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचा, आम्ही उचलायचा. कागदी कप आले तेव्हा लोकांची मोठीच सोय झाली. त्याआधी कान तुटलेले दोन कप आमच्यासाठी बाजूला काढून ठेवणारी घरं मला आजही पाठ आहेत. मी सगळ्यांना सांगतो, की त्याची सवय झाली. सवय झाली नाही. वाईट वाटायचं, आणि चहा गोड असायचा, आणि आम्ही पिऊन टाकायचो.

या सगळ्यात माझी एकच गोष्ट मिरवण्यासारखी होती, ती म्हणजे माझं नाक.

झालं असं, की नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलाची टाकी उपसायची होती. गुलाबने झाकण सरकवलं, मी वाकलो आणि ओरडलो, “इंजिन बंद कर!” मला थिनरचा वास आला होता. हॉटेलवाला म्हणाला, जेवणाच्या हॉटेलात थिनर कुठून येणार? शोध घेतला तर शेजारच्या गॅरेजवाल्याने रंगाचे डबे धुऊन महिनाभर त्याच नाल्यात ओतलं होतं. ती वाफ गरम पंपात गेली असती तर टाकी, गाडी, हॉटेल आणि आम्ही, सगळे एकदमच उडालो असतो. ही गोष्ट आठ दिवसांत दौंडपर्यंत पोहोचली. पोहोचेपर्यंत थिनरचं पेट्रोल झालं होतं आणि मी तो वास रस्त्यावरूनच, गाडीची काच बंद असताना ओळखला होता.

तेव्हापासून मी ‘नाकाचे आप्पा’ झालो. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. वासावरून टाकीत साबण आहे की खळ, तेल आहे की मळी, हे मी सांगायचो आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं. मी झाकण उघडलं की डोळे मिटायचो. डोळे मिटायची काहीच गरज नसायची, पण बघणाऱ्यांना बरं वाटायचं. आमचे मालक, त्यांना सगळे आबा म्हणतात, फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे, “काळजीच करू नका. आमच्याकडं आप्पा हायेत.”

कारखान्यांच्या टाकीत वायू किती आहे हे दाखवणारं एक मीटर असतं. मोबाइलएवढं, पिवळं. एका कामाच्या अटीत ते होतं म्हणून आबांनी विकत आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा माझ्या सीटखाली. दर खंडेनवमीला आम्ही ते बाहेर काढायचो, पंपाशेजारी पाटावर मांडायचो, हळद-कुंकू वाहायचो, झेंडूचं फूल ठेवायचो, चार्ज करून एकदा लावून बघायचो आणि परत पिशवीत घालायचो. इतकी किमती वस्तू खराब व्हायला नको म्हणून आम्ही ती वापरत नव्हतो. आणि आप्पांचं नाक असताना तिची गरजच काय, असं सगळ्यांचं मत होतं. सर्वांत जास्त माझं.

घरांच्या मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही, असा कायदाच आहे, आणि आम्हीही कधी उतरवला नाही. कारखान्यात मात्र कधीकधी पाइपाचं तोंड तळाशी अडकायचं. मग कागदावर परवाना लिहून, अधिकाऱ्याची सही घेऊन, कमरेला दोर बांधून उतरावं लागायचं. वर्षातून चार-पाचदा. उतरायचा गुलाब, कारण तो काटक होता आणि मी पोटामुळे झाकणातून आत गेलो नसतो. दोर माझ्या हातात. मी वाकून वास घ्यायचो, डोळे मिटायचो, आणि म्हणायचो, “जा.” तो जायचा. सतरा वर्षांत त्याने एकदाही मागे वळून ‘नक्की ना?’ असं विचारलं नाही.

मग कोरोना आला. मला फार झाला नाही. आठ दिवस ताप, अंगदुखी, आणि वास गेला. सगळ्यांचाच जातो, पंधरा दिवसांत येतो, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याने माझी बायको शालन हिने बाजारातून सुके बोंबील आणून चुलीवर भाजले. मी दारात पेपर वाचत होतो.

“कशाचा वास येतोय सांगा,” ती म्हणाली.

मी हवेत नाक फिरवून म्हटलं, “उदबत्ती लावलीस का?”

तिने बोंबलाची परात आणून माझ्या पेपरवर ठेवली. त्यानंतर वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. वास काही आला नाही.

“आबांना सांगा,” शालन म्हणायची.

“सांगितलं तर गाडीवरून उतरवतील.”

“आन् न्हाई सांगितलं तर? गुलाबचं काय वाईट झालं तर त्याच्या बायकोला तोंड कसं दाखवाल?”

मी चिडायचो. नाक सोडून माझ्यात विशेष असं काही नव्हतं, हे मला नीट माहीत होतं. गाडी चालवणारे शंभर मिळतात. दोन तालुक्यांत ज्याच्या नाकाचं नाव, त्याने ‘आता मी नुसताच आप्पा’ असं कसं सांगायचं? वय पंचावन्नच्या पुढे गेलेलं. घरी बसलो असतो तर पेपर वाचण्याशिवाय काय केलं असतं?

तेव्हा मी एक युक्ती काढली. झाकण उघडलं की मी नेहमीसारखा वाकायचो, पण डोळे मिटायचो नाही. तिरक्या नजरेने गुलाबचं तोंड बघायचो. त्याच्या नाकाला सुरकुती पडली की मी म्हणायचो, “सडकं अंडं हाय, मागं व्हा.” तो निवांत असला की, “जा.” एकदा त्याची दाढ दुखत होती. झाकण उघडायला आणि दाढेत कळ यायला एकच गाठ पडली. त्याचं तोंड वाकडं झालेलं बघून मी सगळ्यांना वीस फूट मागे हटवलं आणि अर्धा तास टाकीला हवा खाऊ दिली. कारखान्याचे साहेब म्हणाले, “याला म्हणतात अनुभव!” मी नम्रपणे मान खाली घातली. शालनला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. मी एकटाच हसलो, आणि मग मलाही हसू आवरावंसं वाटलं.

आता ती डेअरी. दौंडच्या अलीकडे, नाव सांगत नाही. दुधाच्या टाक्या, पाइप, फरशा धुतलेलं सगळं पाणी तिथे एका खोल टाकीत जमा व्हायचं. अठरा फूट खोल, तळाला कित्येक महिन्यांचा गाळ. टाकी भरून वाहायला लागली होती आणि ती रिकामी झाल्याशिवाय आतली धुलाई बंद, धुलाईशिवाय दूध उतरवणं बंद. फाटकापर्यंत दुधाचे टँकर लागलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मॅनेजर साहेब घड्याळ बघत फेऱ्या मारत होते.

आम्ही दोन खेपा काढल्या. पाणी संपलं, गाळ ढवळून निघायला लागला आणि पाइप गप्प झाला. गुलाबने ओढून बघितला, हलेना. तळाच्या लोखंडी जाळीत तोंड अडकलं होतं.

“उतरतो,” गुलाब म्हणाला आणि दोर बांधायला लागला.

तिथे सेफ्टीच्या एक मॅडम नव्या आल्या होत्या. पोरसवदा, पण कामाला पक्क्या. त्यांनी आल्या आल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क लावायला लावले होते. त्या म्हणाल्या, “मीटर लावल्याशिवाय मी परवान्यावर सही करणार नाही. आमचं मीटर दुरुस्तीला पुण्याला गेलंय. उद्या येईल.”

“उद्या?” मॅनेजरांनी कपाळावर हात मारला. “अहो मॅडम, हे दुधाचं पाणी आहे. ॲसिड नाही. आणि तुम्हाला माहीत नाही हे कोण आहेत. हे नाकाचे आप्पा. मीटर चुकेल, हे चुकणार नाहीत.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं असणार. बाहेर हॉर्न चालूच होते. त्या जरा विचार करून म्हणाल्या, “ठीक आहे आप्पा. तुम्ही वास घेऊन सांगा. तुम्ही काय सांगितलं ते मी तुमच्या नावाने परवान्यावर लिहिते.”

मी झाकणाशी गेलो. सवयीने वाकलो. सवयीनेच तिरका गुलाबकडे बघितलं, आणि बघतो तर त्याच्या तोंडावर मास्क. नाक नाही, ओठ नाहीत, सुरकुती नाही. नुसते दोन डोळे, आणि ते डोळे माझ्याकडे लागलेले. त्याचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. दोराचं टोक त्याने माझ्या हातात दिलं होतं.

मी आत बघत होतो. आत अंधार आणि पाण्याची थोडी चकाकी. ‘जा’ म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी कबूल करतो. सतरा वर्षांची सवय होती. शब्द जिभेवर होता, आणि त्याच वेळी मला शालनचं बोलणं आठवलं. गुलाबच्या बायकोला मी दोनदा भेटलो होतो. दोन्ही वेळा तिने आत बोलावून, घरच्या कपात चहा दिला होता.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, “मॅडम, माझ्या नावाने काही लिहू नका. माझं नाक दीड वर्षापूर्वी कामातून गेलंय. कोरोनात. मी कुणाला सांगितलं नाही.”

मॅनेजर जोरात हसले. “आप्पा, ही काय चेष्टा करायची वेळ आहे?”

गुलाब हसला नाही. गुलाब, जो स्वतःच्या नावावरचा विनोद हजारदा ऐकून हसायचा, तो हसला नाही. त्याने शिडीवरचा पाय काढला, कमरेचा दोर सोडला आणि गाडीच्या सावलीत जाऊन बसला.

मी सीटखालचा डबा काढला. मीटरवर गेल्या खंडेनवमीचं कुंकू पिशवीतही शाबूत होतं, चार्जिंग मात्र संपलेलं. ते डेअरीच्या कँटीनमध्ये तासभर लावून ठेवलं. तो तास फार लांब होता. कँटीनवाल्याने विचारलं, “आप्पा, हे देवाचं हाय का?” मी हो म्हटलं. टँकरवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. मॅनेजर माझ्याकडे न बघता माझ्याबद्दल फोनवर बोलत होते. गुलाबला मी पाणी नेऊन दिलं. त्याने घेतलं आणि तोंड फिरवून प्यायला.

मग मॅडमनी मीटर दोराला बांधून टाकीत सोडलं. सहा-सात फुटांवर ते किंचाळायला लागलं. आणखी खाली सोडलं तर आकडा इतका चढला, की मॅडमनी दोर भराभर वर ओढला आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. दूध, लोणी, तूप सडून त्या गाळात विषारी वायू साठला होता आणि आमच्या पाइपाने गाळ ढवळून तो मोकळा केला होता.

“दोन श्वासांत माणूस शिडीवरून पडला असता,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गुलाब पहिल्यांदा बोलला. “मॅडम, पन म्या मास्क खाली करून वास घेतला व्हता की. मघाशी झाकन उघडलं तवा जरा अंड्यावानी आला, आन् मंग बंद झाला. म्हनून तर दोर बांधला.”

मॅडम म्हणाल्या, “हा वायू थोडा असला की वास येतो. वाढला की तो पहिल्यांदा नाकच बधिर करतो. वास थांबला की लोकांना वाटतं, गेला. खरं म्हणजे तेव्हाच तो वाढलेला असतो.”

मी तिथेच, गाडीच्या पायरीवर बसलो. मॅनेजर, टँकर, हॉर्न, काही ऐकू येईना. वीस वर्षं मी झाकणावर वाकून, डोळे मिटून हेच करत आलो होतो. वास आला की थांबायचं, वास थांबला की ‘जा’ म्हणायचं. माझं नाक ठणठणीत असतं, तर त्या दिवशीही मी गुलाबला खाली सोडलं असतं.

टाकीला बराच वेळ हवा खाऊ दिल्यावर काम पुढे झालं. माणूस न उतरता झालं. दांडा उलटा फिरवून पाइपातून हवेचा धक्का दिला, तिसऱ्या धक्क्याला तोंड जाळीतून सुटलं आणि आम्ही पाइप वर घेतला. बाजूच्या तीन माणसांचे कपडे खराब झाले, त्यांत मॅनेजर साहेबांचे होते, याचा मला आनंद झाला हे लपवत नाही. एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं? कारण धक्का दिला की घाण उडते, आणि माणूस उतरवला तर उडत नाही. बावीस वर्षं आम्हाला हे गणित बरोबर वाटत होतं.

आबांना मी संध्याकाळी स्वतःच सांगितलं. ते खूप रागावले, पण त्यांनी काढून टाकलं नाही. गाडीवरून उतरवलं आणि ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. फोनवर लोक म्हणायचे, “नाकाच्या आप्पांना पाठवा.” मी म्हणायचो, “ते रिटायर झाले. आता मीटर येतं.” दोन वर्षं हे काम केलं आणि मग खरोखरच रिटायर झालो. ते मीटर आता डब्यात नसतं. पार घासून गेलंय, त्याचा पिवळा रंग ओळखू येत नाही.

पण त्या दिवशी परत येताना जे झालं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. न्हावऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर गुलाबने हाताने खूण केली, मी गाडी लांब लावली आणि आम्ही चहा घेतला. उन्हं उतरली होती. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर चालले होते. गुलाब दोन्ही हातांत कप धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

“आप्पा,” तो म्हणाला, “कोरोनापसनं म्या किती खेपा उतरलो?”

“सात,” मी म्हणालो. सातही टाक्या मला पाठ होत्या. रोज झोपण्याआधी त्या माझ्या डोळ्यांपुढून जायच्या.

त्याने मान हलवली. चहाचा घोट घेतला. मला वाटलं, आता शिवी देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

“आन् त्याच्या आधी?” तो म्हणाला. “तुमचं नाक चांगलं व्हतं तवा?”

त्या खेपा मी कधी मोजल्याच नव्हत्या.